बिनडोळ्यांचे देव

माझं माहेर पन्हाळ्याचं. तिथं पावसाळ्यात धुकं उंबरा ओलांडून घरात येऊन बसायचं, चार-चार दिवस समोरचं घर दिसायचं नाही. पण पाणी म्हणून कुठं थांबायचं नाही. पडलं की उतारानं पळालं. ते पळून जातं कुठं, हा प्रश्न मला लग्न होईपर्यंत पडला नव्हता. संस्थान विलीन झालं त्याच्या आगेमागे माझं लग्न झालं आणि मी कोल्हापुरात, पंचगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, कुंभाराच्या घरात सून म्हणून आले. तेव्हा कळलं की आमचं ते सगळं पाणी इथं येतं, आणि माझ्या सासरची माणसं वर्षभर त्याची तयारी करतात.

ही तयारी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला हसू आवरेना. मे महिन्यातलं ऊन नुसतं भाजत होतं आणि माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, माळ्यावर शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचत होत्या. शेजारी मिठाचं गाडगं, चटणीची बरणी, तेलकट फडक्यात गुंडाळलेल्या काड्यापेट्या, एक कंदील. तुळईला काथ्याचा जाड दोर बांधलेला होता आणि त्याची गाठ त्या दर अमावास्येला ओढून बघायच्या.

"आत्याबाई, नदी केवढी लांब हाय की," मी म्हटलं.

"तिला चालायला येतंय," त्या म्हणाल्या, आणि शेणींची दुसरी पाटी माझ्या डोक्यावर दिली.

ही माणसं भित्री आहेत असं माझं मत झालं. मी पहिल्यापासून फटकळ. ते मत मी नवऱ्याला ऐकवूनही टाकलं. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "डोंगरावरची हायस. पाण्याला खालनं वर येताना बघितलं न्हाईस अजून."

नदी मला शिकवली ती माझ्या सासऱ्यांनी. त्यांना मी मामंजी म्हणत असे. एरवी ते दिवसाला चार शब्द बोलायचे, पण नदीचा विषय निघाला की माती मळता मळता बोलत राहायचे. मुंग्या अंडी घेऊन भिंत चढायला लागल्या की दोन दिवस हातात आहेत. पाण्यावरचा फेस पांढरा असेल तर घाबरायचं नाही, तांबडा झाला की भांडी उचलायला लागायचं. आणि गल्लीच्या तोंडाशी गटाराचं पाणी उलटं वाहायला लागलं, की मग बोलत बसायचं नाही. आधी साचे माळ्यावर. साचे मामंजींच्या आजोबांच्या हातचे होते. मग जनावरं, मग धान्य, मग माणसं. माणसांचा नंबर शेवटी का, असं मी विचारलं तर म्हणाले, "मानसाला पाय हायत. साच्याला हायत व्हय?"

शहराच्या कडेला नदीवर दगडी पूल आहे. त्याच्या कमानींना पाणी ठरावीक उंचीवर टेकलं की आमच्याकडे 'मच्छिंद्री झाली' म्हणतात. मच्छिंद्री झाली की अख्खं कोल्हापूर छत्र्या आणि पोत्याच्या खोळी घेऊन पूर बघायला लोटतं. बायका नदीला हळदकुंकू वाहतात, माणसं गुडघाभर पाण्यात उभं राहून मागच्या पुराची उंची सांगत भांडतात, शेंगावाला येतो. आमच्या दाराशी पाणी यायचं आणि वरच्या पेठांना सण असायचा. मला त्या लोकांचा फार राग यायचा.

आमचं घर म्हणजे एक लांब पडवी आणि तिला चिकटलेल्या दोन खोल्या. आषाढ लागला की पडवीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गणपती. आधी ओले काळपट, मग वाळून करडे, आणि खडूची पांढरी चढली की सगळे एकदम पांढरे. सकाळी मी चहा घेऊन गेले की त्या पांढऱ्या गर्दीत मामंजी कुठं बसलेत ते चटकन दिसायचं नाही. त्यांचे केस पांढरे, अंगातली बंडी पांढरी, हाताला कोपरापर्यंत खडू. मी "चहा" म्हणायची आणि गणपतींतला एक हात पुढं करायचा. अजूनही झोप आणि जाग यांच्या मधे कुठंतरी असले की मला ती पडवी दिसते, आणि चहा निवत चालल्यासारखं वाटतं.

त्या गणपतींना डोळे नसायचे. आमच्या घरचा तो नेम होता. नदी येऊन गेल्याशिवाय डोळे काढायचे नाहीत. डोळे नाहीत तोवर ती नुसती माती. कुणाच्याही घरी, कुठंही, चुलीमागंसुद्धा ठेवता येते. डोळे काढले की तो देव झाला. मग तो चतुर्थीच्या आधी कुणाच्या घरात न्यायचा नाही. नेला तर तो पाहुणा आला, त्याची पूजा, नैवेद्य, आरती सगळं करायला हवं, आणि एकदा आलेल्याला चतुर्थीला परत कसं बोलावणार? म्हणून मामंजी पूर ओसरायची वाट बघत आणि शेवटच्या आठ दिवसांत सगळ्यांचे डोळे काढत. ते काम त्यांच्याशिवाय कुणी करायचं नाही. माझ्या नवऱ्याचा हात सोंडेला चांगला होता, पण डोळ्यांना तो हात लावत नसे.

माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली आणि मला एक गोष्ट कळली. मामंजींना दिसेनासं झालं होतं. कुंचल्यासाठी हात पुढं केला की तो वीतभर बाजूला पडायचा. अंगणात भर उन्हात मूर्ती घेऊन नाकाला लावून बघायचे. एकदा मी समोर उभी असताना त्यांनी "सुनंला बोलव" म्हणून मलाच सांगितलं. मी जवळ जाऊन म्हटलं, "मामंजी, मीच हाय."

ते माझ्या आवाजाकडं वळले. मग म्हणाले, "कुणाला सांगू नगंस. आंधळ्या कुंभाराकडनं देव कोन न्हील?"

मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. माझ्या पोटात काही राहत नाही असं घरात सगळे म्हणायचे, पण हे राहिलं.

त्या वर्षी श्रावणात पाऊस गेला. ऊन असं पडलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा उन्हात पाय ताणून पडली. लोक म्हणायला लागले, औंदा नदी येत नाही. मामंजी सारखे आभाळाकडे तोंड करून बसायचे. त्यांना काय हवंय ते मला दिसत होतं. असलं लखलखीत ऊन पुन्हा मिळणार नव्हतं. पुढं ढगाळ झालं की पडवीत त्यांना कुंचल्याचं टोकसुद्धा दिसलं नसतं.

"काढा की मामंजी," मी म्हटलं. "ऊन हाय तोवर काढा. मी काळा रंग घोटून देतो." आमच्याकडे बायकाही 'करतो, देतो'च म्हणतात.

हे मी बोलले. दुसरं कुणी नाही. डोंगरावरची होते, नदीवर माझा अजून पुरता विश्वास बसला नव्हता.

ते आठ दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. दुपारी सगळी गल्ली झोपलेली. अंगणात मामंजी मांडी घालून, मांडीवर गणपती. मी शेजारी सरस मिसळलेला काळा रंग घेऊन. ते श्वास धरायचे आणि खारीच्या केसांचा बारीक कुंचला फिरायचा, आणि पांढऱ्या मातीत कुणीतरी जागं व्हायचं. एक झाला की मी उचलून कडेला ठेवायची आणि दुसरा आणायची. आत्याबाई एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या. "नदी येऊन जाऊ द्यायची हुती," एवढंच म्हणाल्या. चाळीसेक गणपतींना डोळे मिळाले, बाकीचे तसेच राहिले. प्रत्येक मूर्ती खाली ठेवताना मामंजी तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर थांबायचे. हे आपले शेवटचे डोळे, हे त्यांना माहीत होतं. मलाही.

मग पाऊस आला. आला तो पाच दिवस थांबला नाही. सहाव्या दिवशी सकाळी मी राख टाकायला गल्लीच्या तोंडाशी गेले आणि बघते तर गटारातलं एक पेरूचं पान चढावाकडे चाललंय. सावकाश, मजेत. मी उभ्या उभ्या त्याच्याकडे बघत राहिले. भीती वाटायच्या आधी मला ते सुंदर वाटलं, हे खरं सांगायला हवं.

नवऱ्यानं गाढवं घेतली आणि उचगावला नणंदेकडे निघाला. तिकडं उंचावर गोठ्याची सोय होती. आत्याबाई धान्याचं गाठोडं घेऊन शाळेत गेल्या, तिथं गल्लीतली सगळी बिऱ्हाडं चालली होती. साचे माळ्यावर गेले. राहिलो मामंजी, मी आणि गणपती. दरवर्षी आम्ही दोरांना फळ्या टांगून त्यावर मूर्ती ठेवायचो, आणि पाणी पायरीपर्यंत येऊन मागं जायचं. यंदा पायरी केव्हाच बुडाली होती, फळ्यांचा उपयोग नव्हता. पाणी पडवीत आलं ते गुपचूप आलं, जमिनीला नुसती चमक आली. कच्ची माती. तासभर पाण्यात राहिली असती तर गणपतींचा चिखल झाला असता. मामंजींचं सगळं वर्ष, आणि त्या उन्हातले ते आठ दिवस, त्या चमकत्या जमिनीवर उभे होते.

तेवढ्यात वरून ओरडा आला, मच्छिंद्री झाली! आणि गल्लीच्या वरच्या टोकाला माणसंच माणसं. छत्र्या, खोळी, खांद्यावर पोरं. पूर बघायला आलेले. माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार होते, पण मामंजी आधीच दारात गेले होते. त्यांनी एक गणपती उचलला आणि सगळ्यात पुढं उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ठेवला.

"पावणं, पूर बघायला आलाय न्हवं? बघून झाला असंल तर ह्यो घरी घेऊन जावा. डोळं न्हाईत अजून. मातीच हाय. कुठं बी ठेवा."

तो माणूस गोंधळला. मग त्यानं छत्री बायकोकडे दिली, मूर्ती छातीशी धरली आणि चढाला लागला. मागचा पुढं झाला. मी आतून देत होते, मामंजी दारात देत होते, नाव नाही, गाव नाही, कोण कुठला विचारलं नाही. थोड्या वेळात बघ्यांची एक रांगच झाली. कुणी खोळ काढून गणपतीला घातली आणि स्वतः भिजत गेला. एक म्हातारी लुगड्याच्या ओच्यात लहानसा गणपती घेऊन गेली. शेंगावाल्यानं पाटी रिकामी करून त्यात दोन बसवले. पावसाच्या पडद्याआड ते पांढरे, बिनडोळ्यांचे देव माणसांच्या डोक्यावरनं, कडेवरनं वरच्या गंगावेशीकडे चढत होते, आणि खाली नदीचा तो मोठा, न संपणारा आवाज. दोन वर्षं ज्या लोकांना मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यांच्याकडे बघून मला रडू आलं.

मग डोळे काढलेल्यांची पाळी आली. मी पहिला दारात आणला. समोर एक शाळामास्तर उभे होते, त्यांनी हात पुढं केला, मूर्तीकडे बघितलं आणि हात मागं घेतला.

"डोळे उघडलेत की," ते म्हणाले. "आता कसा नेऊ? चतुर्थीला अजून अवकाश आहे."

त्यांच्या मागच्यानंही मान हलवली. त्यांचं काही चुकलं नव्हतं, नेम आमचाच होता. शाळेत न्यावं तर तिथं माणसंच दाटीवाटीनं बसली होती. पाणी माझ्या घोट्यावर आलं होतं.

मामंजींनी ते सगळं ऐकलं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "पोरी, ओलं फडकं आन."

मला कळलं. मी अगदी जवळ जाऊन, कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हटलं, "मामंजी, परत कोन काढनार?"

"ते मागनं बघू. आधी देव ऱ्हाऊ दे. पूस."

त्यांनी स्वतः पुसले नाहीत. मला पुसायला लावले. सरसाचा रंग, ओलं फडकं लागलं की सुटायचा. एकेका मूर्तीसमोर मी वाकत होते, ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्या डोळ्यांवरनं फडकं फिरवत होते. राखाडी डाग उरायचा. माझ्या हातांनी मी आयुष्यात पुष्कळ कामं केली. मुलांना न्हाऊ घातलं, माणसांना शेवटचं पाणी पाजलं. त्याच्यासारखं अवघड काम दुसरं नाही. मामंजी दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभे होते आणि मी एक पुसला की म्हणायचे, "दे." तो मास्तरांनी नेला, पुढचा आणखी कुणी. शेवटचा गेला तेव्हा पाणी माझ्या गुडघ्यावर होतं. मी मामंजींचा हात धरला नाही, तशी रीत नव्हती. मी पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि आम्ही दोघं चढलो.

शाळेत आम्ही कितीतरी दिवस होतो. वरच्या पेठांतून टोपल्या भरभरून भाकरी यायच्या, कुणाच्या जाड, कुणाच्या पातळ, आणि आत्याबाई हातात घेऊन सांगायच्या, ही शेतकऱ्याच्या घरची, ही बामणाच्या घरची. मामंजी फळ्याखाली बसून असायचे. त्यांनी खडूचा तुकडा मिळवला होता. मला जवळ बसवून फरशीवर डोळे काढायला लावायचे. का ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते बोटानं रेघ चाचपायचे आणि म्हणायचे, "झोपलाय. पूस, परत काढ." दिवसभर फरशीवर डोळे उघडत आणि मिटत होते.

पाणी उतरलं तेव्हा घराची एक भिंत बसली होती आणि पडवीत वीतभर गाळ होता. पंचनाम्याला कारकून आला, काय काय गेलं म्हणून विचारायला लागला. मामंजींनी भिंत सांगितली, फळ्या सांगितल्या. "आणि देव?" कारकून म्हणाला. "देव गावात गेल्यात," मामंजी म्हणाले, आणि ते कागदावर कसं लिहायचं या विचारात तो बराच वेळ उभा राहिला. तो गाळ आम्ही टाकला नाही. नदीनं आणून दिलेली माती बारीक, लोण्यासारखी असते. तिनंच भिंत लिंपली.

चतुर्थीला थोडे दिवस उरले. रंगाची पेटी माझ्या हातात, मामंजी माझ्या मागं, असे आम्ही गंगावेशीच्या वर निघालो. कुणाकडे जायचं तेच माहीत नव्हतं. पण आम्ही गल्लीत शिरलो आणि एका दारातून हाक आली, "ओ पावणं, तुमचा देव आमच्याकडं हाय!" पलीकडच्या माडीवरून दुसरी हाक. मग कोपऱ्यावरून. त्या दिवशी सगळी पेठ आम्हाला हाका मारत होती. कुणी लोणच्याच्या बरण्यांमागं ठेवला होता, कुणी पाळण्यात.

पहिल्यांदा आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. त्यांनी गणपती स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, स्वच्छ फडक्याखाली ठेवला होता. घरची माणसं, शेजारपाजारचे, सगळे जमले. मामंजी पाटावर बसले. मी कुंचला भिजवून, टोक काढून त्यांच्या हातात दिला. मला वाटत होतं, यांनी डोकं दुखतंय म्हणावं, उद्या येतो म्हणावं, काहीही खोटं सांगावं. त्यांचा हात हवेत बराच वेळ राहिला. मग त्यांनी कुंचला खाली ठेवला.

"मास्तर, मला दिसत न्हाई," ते म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मास्तरांनी घाईघाईनं आपला चष्मा काढला आणि त्यांच्या पुढं धरला. "हा लावून बघा तरी."

मामंजींनी तो लावला, गणपतीकडे बघितलं, हसले, आणि काढून परत दिला. "त्याच्या फुडं गेलंय. माझ्या सुनंला दिसतंय. तुमची ना नसंल तर ती काढंल."

"बाईच्या हातून?" मास्तरांच्या आई म्हणाल्या.

मग मास्तर म्हणाले, "आई, पुरात हिनंच पुसून दिला होता. तेव्हा आपण घेतला."

म्हातारीनं समई उचलली आणि माझ्या बाजूला आणून ठेवली.

मी काढले. एक डोळा सरळ उतरला. दुसऱ्याच्या वेळी मला मागं उभी असलेली माणसं आठवली, ते फडकं आठवलं, आणि हात अडखळला. घरात सगळे एकदम "वा" म्हणाले.

"कुणाकडं बघतोय?" मामंजींनी विचारलं.

एक डोळा त्यांच्याकडे बघत होता. दुसरा जरासा खिडकीकडे गेला होता.

"तुमच्याकडंच की, मामंजी."

"खोटं बोलतीस," ते म्हणाले. "दुसऱ्या डोळ्याला थांबलीस. कुंचल्याचा आवाज थांबला, मी ऐकला. फुडच्या घरात थांबायचं न्हाई."

आमच्यात सासरा सुनेच्या अंगाला हात लावत नाही. मास्तरांच्या पायऱ्या उतरताना मामंजींनी भर गल्लीत, सगळ्या पेठेसमोर, माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढं ते असेपर्यंत, दर भाद्रपदात, मी दारोदार डोळे काढत गेले तेव्हा तो हात तिथंच होता.